काम शिल्लक नाही

सोमवार, ४

पोचले एकदाची! आणि पोचताच फजिती. बसमधून उतरताना ट्रंकेची कडी तुटली आणि माझा सगळा संसार स्टँडवर पसरला: कपडे, पुस्तकं, आईने विणलेला स्वेटर आणि घडी पडू नये म्हणून तळाशी सपाट ठेवलेला पदवीचा कागद. वसतिगृहाच्या सवयीने मी जादूच्या हातांना सांगायला तोंड उघडलं, तोच मला न्यायला आलेल्या घरमालकीणबाईंनी घाईघाईने अडवलं. राहू दे गं पोरी, दोरी आहे की माझ्याकडे. खरंच दोरीने बांधून ट्रंक घरी आणली. दोरीचं एक टोक मोकळं लोंबत होतं. मी ते खोचायला गेले तर म्हणाल्या, असू दे, कुणाच्या पोटात दुखतंय?

त्यांना सगळं गाव मावशी म्हणतं, म्हणून मीही. बोलक्या आहेत. डावा हात मात्र सदा एका कापडी पिशवीत, मनगटाशी नाडी आवळलेली. भाजला असेल. पहिल्याच दिवशी कसं विचारायचं?

खोली माडीवर आहे. गल्लीकडे खिडकी, टेबल, लोखंडी खाट. तीन भिंती पिवळ्या रंगवलेल्या, चौथी निम्मीच. जिन्याची वरची पायरी बसवायची राहिलीय. फळी बाजूला उभी आहे, खिळे डबीत आहेत, पण पायरी नाही. विचारलं तर मावशी हसून म्हणाल्या, बसवू की. त्यांची मांजर (कान फाटलेला, म्हणून नाव फाटकी) माझ्या खाटेवर माझ्याआधीच झोपली होती.

मन भरून आलंय. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आई धुलाईघरात हॉटेलांच्या चादरी धुते. सोड्याने तिच्या बोटांना कायमच्या भेगा पडल्यात, थंडीत त्यांतून रक्त येतं. जादूचे हात पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या घरांतच होते. न दिसणारे, न थकणारे, तोंडाने सांगितलेलं काम मुकाट्याने करणारे हात. त्यांच्या घरी पंखेसुद्धा तेच हलवायचे, आणि इकडे चादरी माझ्या आईने धुवायच्या. हात घराघरांत वाटायचा कायदा झाला तेव्हाच मी ठरवलं, शिकेन तर हेच शिकेन. त्या कायद्याखाली सगळ्यात आधी हात मिळाले ते या गावाला. आणि इथली नवी हात-अधिकारी मी!

पदवीच्या दिवशी आई माझ्या कानात काहीतरी म्हणाली होती. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही लिहिणार नाही. ते माझं एकटीचं.

बुधवार, ६

कचेरी चौकात आहे. दारावरची पाटी 'हात वाटप कार्या' इथवरच रंगवलेली. रंगाचा डबा आत कपाटावर वाळून खडखडीत झालाय.

मुख्य कारकुनांना गाव अर्धेराव म्हणतं, कारण ते कुठलंही वाक्य पुरं करत नाहीत. त्याचं असं आहे बाई, की... म्हणतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. माणूस गोड आहे, पण मला ऐकतानाच धाप लागते. मग लक्षात आलं, इथे सगळेच थोडेफार तसे. किराणावाला पुडी बांधतो आणि गाठ मारत नाही. शेजारीण स्वेटर विणते, त्याची एक बाही कोपरापर्यंतच. हसू आवरेना.

पण दुपारी पाहिलं त्याचं हसू आलं नाही. प्रत्येक उंबऱ्यावर एक टोपली, तिच्यात रंगीबेरंगी मणी मिसळलेले. घराला मिळालेले हात दिवसभर ते मणी रंगवार निवडत बसतात, मणी आपोआप उडून आपापल्या ढिगात पडतात. ढीग लागले की घरातली बाई येते आणि पुन्हा सगळे कालवून टाकते. आणि त्याच दारासमोरून वाकलेली आजी डोक्यावर हंडा घेऊन पाणी वाहतेय! तिची पाठ पार काटकोनात गेलीय. तिला म्हटलं, आजी, हातांना सांगा की. तर म्हणाली, त्यांना खेळू दे बाई, आपलं आपण करू.

कचेरीत येऊन मी चिडूनच विचारलं, की हे काय चाललंय? अर्धेरावांनी चष्मा पुसला, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, रिकामा न्हावी...

पुढचं मला पाठ आहे, कुडाला तुंबड्या वगैरे. पण म्हणून काय हातांना मणी निवडायला बसवायचं?

रविवार, १०

आज घरोघर फिरले. सगळे या म्हणतात, पाट देतात, पण विषय काढला की टोपलीकडे बघतात आणि गप्प होतात. हातांसमोर कामाचं नुसतं बोललं तरी ते सांगणंच समजतात, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलंय, पण इतकं जपायचं कारण काय? मला तर यात निव्वळ भीती आणि आळस दिसतो. हाती घेतलं ते तडीस न्यावं, हे मला आईने शिकवलं. एक चादर अर्धी धुतलेली तिने कधी ठेवली नाही.

तिला पत्र टाकलं. काम सोड, कायमची इकडे निघून ये, आता तुझ्या बोटांना पाणी लागू देणार नाही. मामाकडे जाऊन येणार असशील तर ये, पण महिनाअखेरीला इथे हवीस.

वरच्या पायरीशी आज पुन्हा ठेचकाळले.

शनिवार, १६

उद्या! मी मोहीम ठरवलीय. अधिकारी म्हणून गावातल्या सगळ्या हातांना एकाच वेळी सांगण्याचा हक्क मला आहे. आजवर इथे कुणी तो वापरलेलाच नाही. एका दिवसात गावाचं रूप पालटेल.

अर्धेरावांनी टेबलावर चिठ्ठी सरकवली. 'बाई, कृपा करून पुरं करायला सांगू नका, कारण' एवढंच. कारण लिहायचं राहिलंच. या माणसाला इशारासुद्धा धड देता येत नाही!

भाषण लिहीत बसले होते तेव्हा मावशी वर आल्या. काही न बोलता खाटेवर बसल्या आणि डाव्या हाताच्या पिशवीची नाडी सोडायला लागल्या. जखम दाखवायची असेल. मी म्हटलं, मावशी, उद्या नक्की बघते हं. त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग गेल्या.

रविवार, १७

शाळेच्या पायरीवर उभी राहून मी सांगितलं, गावात जे जे अर्धं आहे ते पुरं करा.

ओल्या साबणासारखा वास आला, हातांचा असतो तसाच, पण एवढा दाट मी कधी घेतला नव्हता. आणि मग जे सुरू झालं! पायऱ्या बसल्या, भिंती रंगल्या, बाह्या विणून झाल्या. मला टाळ्यांची अपेक्षा होती. लोक पळत होते. बायका टोपल्या पदराखाली घेऊन घराकडे धावत होत्या. मावशी गर्दीतून माझ्याकडे येत होत्या, त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला तोवर मी बोलून चुकले होते.

एवढं काय घाबरायचं?

सोमवार, १८

सगळं पुरं झालं. कचेरीची पाटी पूर्ण. माझ्या ट्रंकेला नवी कडी. चौथी भिंत पिवळी. मणी तर असे निवडलेत की मावशी कालवून हात बाहेर काढेपर्यंत पुन्हा वेगळे! आजवर प्रत्येक घराचे हात आपापल्या टोपलीपुरते होते. कालपासून ते सगळे एक झालेत, आणि फार भराभर काम करतात.

वाकलेली आजी ताठ झाली! पहाटे विहिरीवर गेली ती सरळ काठीसारखी चालत परत आली म्हणे. मला रडूच आलं. याचसाठी तर शिकले मी.

आईचं पत्र. काम सोडलं. मामाकडे जाऊन शनिवारी ३० तारखेला दुपारच्या बसने येतेय. लिहिते की आता तुझ्या पगारावर ऐश करीन, नखं रंगवीन.

गुरुवार, २१

आजीला भेटायला गेले. ती भिंतीला टेकून उभी होती. ती बसू शकत नाही. वाकू शकत नाही, मानसुद्धा नाही. पाठीवरून हात फिरवला तर मणकेच लागले नाहीत, नुसती फळी. तिची सून म्हणाली, आडवं करायला दोघं लागतात. आजी माझ्याकडे बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फाटकीचा कान सांधला गेलाय. सकाळी आरशात पाहिलं तर माझा भांग पट्टीने ओढल्यासारखा सरळ. मी अजून केस विंचरले नव्हते.

मुख्य कचेरीला अर्ज केला. हात परत घ्या.

शनिवार, २३

फाटकीचे डोळे मिटलेत. मिटलेत म्हणजे, फट नाही. सगळीकडे सारखी मऊ लव. ती भिंतीला डोकं घासत फिरते. मावशींनी तिला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

गावात सगळे जण मोडतोड करताहेत. चादरी फाडतात, तांदळात वाळू कालवतात, कौलं उतरवतात. मागे वळेपर्यंत सगळं जागच्या जागी.

सोमवार, २५

मावशींनी आज पिशवी सोडली.

बोटं नाहीत. म्हणजे आहेत, पण मधल्या फटी भरून आल्यात. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत तळवा. नख नाही, रेषा नाही. मी ओरडणार होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मोठ्याने म्हणायचं नाही, म्हटलं की ते सांगणं होतं. म्हणून या गावात कुणी सांगितलं नाही. मग त्यांनी खुणा केल्या. पहिल्या वर्षी गावातली कामं संपली, तेव्हा रिकामे हात माणसांनाच पुरं करायला लागले. मावशींच्या या तळव्यावर त्यांचं काम चालू असतानाच कुणाच्या तरी धक्क्याने मण्यांचा डबा सांडला, आणि ते तळवा सोडून मण्यांकडे गेले. तेव्हापासून टोपल्या. तेव्हापासून काहीच पुरं करायचं नाही. बोलणंसुद्धा.

आता कळतंय. मोठ्या घरांत हे कधीच का झालं नाही? तिथे हाव संपत नाही, हात रिकामे होतच नाहीत. इथली माणसं साधी. त्यांना पुरे म्हणता येतं.

त्या दिवशी त्या नाडी सोडत होत्या आणि मी भाषण लिहीत होते.

मंगळवार, २६

अर्धेराव कचेरीत खुर्चीवर बसलेले. नाकाने जोरजोरात श्वास. नाकाखाली हनुवटीपर्यंत सपाट. त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, बाई, तुमचा दोष

एवढंच. आहे की नाही ते लिहिलं नाही.

मुख्य कचेरीचं उत्तर आलं. अभिनंदन. 'काम शिल्लक नाही, ही तक्रार कशी होऊ शकते?' हा नमुना आता सगळीकडे राबवणार आहेत.

बुधवार, २७

गाव सोडायला निघाले. म्हटलं, वाटेतच आईला गाठू. पुलावर पोचले तर कठड्याचे निखळलेले दगड मी पुढे सरकेन तसे सरळ होत गेले. साबणाचा वास. माझ्या आवाजाने एक झालेत, आता माझ्या मागे येतात. मी जाईन तिथे येतील. आईच्या गल्लीत, धुलाईघरात, सगळीकडे. परत फिरले.

मामाला पत्र टाकून उपयोग नाही, ते पोचेपर्यंत ती तिथून निघालेली असणार. आणि तिची बोटं. त्या भेगा. यांना भेगाच तर हव्यात! ती उतरली की तिला मी आधी भेटेन आणि तिचे हात नीट करीन.

गुरुवार, २८

कालच्या शेवटच्या ओळीत मी 'तिला मी आधी' इथवरच लिहिलं होतं. मांजर पडल्याचा आवाज आला म्हणून उठले. पुढचं माझं नाही. अक्षर माझं आहे, माझ्याहून सुबक.

ते लिहितात.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जोडलं गेलंय. दुखत नाही, हेच —

शुक्रवार, २९

मावशींना काहीतरी सापडलंय. मी कालची ओळ अर्धी सोडली आणि त्यांची भर खोडत राहिले, तेवढा वेळ खाली टोपलीतले मणी कालवलेलेच राहिले. अर्धं वाक्य दिसलं की सगळेच्या सगळे इथे येतात. मण्यांपेक्षा त्यांना हेच आवडतं.

मुद्दाम लिहून पाहिलं. लहानपणी मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती अंधाराची.

'अंधाराची' त्यांचं. चूक. खोडलं. लगेच 'कुत्र्यांची'. खोडलं. 'एकटेपणाची'. 'पाण्याची'. बराच वेळ. खाली मावशींनी मणी कालवले, चादर फाडली, सगळं तसंच पडून राहिलं. पण पाण्याची ते खरं होतं, आणि माझा हात खोडताना अडखळला. त्यांना कळलं. वाक्य पुरं झालं. वास जिन्याने खाली गेला.

त्यांना न सापडणारं वाक्य हवं. मावशी स्वेटर घेऊन स्टँडवर जातील. आई स्वेटर ओळखेल. हे सगळे माझ्यापाशी असतील तरच मावशींना तिच्याशी मोठ्याने बोलता येईल — परत जा, उतरूच नकोस —

तीन बोटं गेली. अंगठा आहे.

शनिवार, ३०

मावशी गेल्या. लेखणी मुठीत बांधून घेतलीय.

बसचा भोंगा वाजला.

वास कमी झालाय. खाली जाताहेत — नको, इकडे — इकडे या —

आई ऐकणारी नाही. माझीच आई ती. गल्लीत तिची हाक — काय गं, घ्यायलासुद्धा आली नाहीस? — मावशी मागून ओरडताहेत, थांबा बाई, थांबा —

एकच वाक्य आहे जे फक्त मला आणि तिला माहीत आहे. ते लिहायला घेते. पुरं करणार नाही. ते काहीही लिहोत, मी खोडीन. या सगळे.

पदवीच्या दिवशी आई माझ्या कानात म्हणाली की